जावांचं औषध

मंगळवार, ७ नोव्हेंबर

पहिला डोस. फजिती!

दोन कासवं, एक सिरिंज, आम्ही दोघं नवरा-बायको, आणि पाऊण तास. थोरलीच्या पोटात जेवढं गेलं असेल त्याहून जास्त माझ्या बाहीवर आहे. धाकटीने मान आत घेतली ती घेतलीच. कवचाला कान लावून बसलो तरी आतून हूं की चूं नाही.

काल डॉक्टरणीने किती सोपं करून दाखवलं होतं! कासव उभं धरायचं. मागच्या पायाला हळूच बोट लावायचं, म्हणजे मान बाहेर येते. आली की जबड्यामागे दोन बोटांत धरायची — दाबायची नाही, नुसती धरायची. अंगठ्याने खालचा जबडा खाली, सिरिंजचं टोक जिभेच्या मागे, आणि अगदी सावकाश. ‘श्वासनळीचं भोक जिभेच्या बुडाशीच असतं बरं का, काका. औषध तिथे गेलं की संपलं.’ माझ्या लेकीच्या वयाची असेल. जनावरांची डॉक्टर झाली म्हणून माणसाशी बोलताना इतकं निवांत बोलायचं?

दोघींच्या पोटात जंतू झालेत. बारा दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. पांढरं औषध, एक दिवसाआड, दहा वेळा. थोरलीला शून्य दशांश चार मिली, धाकटीला तीन. कमी पडलं तर गुण नाही, जास्त झालं तर मेंदूवर परिणाम — तोल जातो, मान हलायला लागते, जीवही जाऊ शकतो.

हिने लगेच तक्ता करून फ्रिजला लावला. दोन ओळी, दहा-दहा घरं. आणि वर मला म्हणते, ‘अहो, तुम्ही घड्याळजी. तुमच्याशिवाय हे बारीक काम कोणाला जमणार?’

बाकी एक गंमत. लेक सात वर्षांची असताना ही दोघं घरात आली. काकडीसाठी एकमेकींना ढकलायच्या, म्हणून हिने नाव ठेवलं — थोरल्या जाऊबाई, धाकट्या जाऊबाई. काल डॉक्टरणीने उलटं करून पाहिलं आणि म्हणाली, धाकटी नर आहे! ही म्हणाली, ‘बावीस वर्षं जाऊबाई म्हटलं, आता भावोजी कुठून म्हणू?’ तेव्हा जावाच.

बुधवार, ८ नोव्हेंबर

दुकान. नर्सबाईंचं घड्याळ उघडलं — छातीला लावतात ते, बाळमुठीएवढंही नाही. स्क्रू चिमट्यातून उडाला. वीस मिनिटं फरशीवर रांगत होतो. सापडला. पुन्हा उडाला.

झाकण लावून ठेवून दिलं. पार्ट मागवावा लागेल असं सांगेन.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

दुसरा डोस. हिने धाकटीला उभं धरलं, मी सिरिंज. मान बाहेर आली, जबडाही उघडला — आणि टोक काही तोंडात शिरेना! इकडे-तिकडे, डोळ्याला लागेल की काय अशी भीती. दोन थेंब आत, बाकी गळ्यावरून खाली. ही माझ्या हाताकडे बघत होती. बघत होती आणि मग लगेच खिडकीकडे बघायला लागली.

मी म्हटलं, ‘तू धरताना हलतेस.’

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी तिला बोल लावला आणि ती गप्प बसली. हे तिच्या स्वभावात नाही.

परवापासून एकटाच देणार. सांगितलंही तसं. ‘तू चहाचं बघ, मी गॅलरीत दार लावून देतो. दोन माणसं पाहिली की त्या बिचकतात.’

शनिवार, ११ नोव्हेंबर

एकट्याने दिलं. म्हणजे — सांडलं. थोरली, थोडं गेलं. धाकटी, देव जाणे.

तक्त्यावर दोन्ही घरांत खूण केली. चांगली ठळक.

रविवार, १२ नोव्हेंबर

लेकीचा फोन. रविवारचा नेम. आधी कासवं, मग आई, उरलंसुरलं बापाला.

‘बाबा, दाखवा ना दोघींना.’ फोन घेऊन गॅलरीत गेलो. ‘बाबा, नीट धरा ना, सगळं चित्र हलतंय!’

‘नेटवर्क खराब आहे,’ मी म्हटलं.

ही मागे उभी होती. तिने फोन माझ्या हातून घेतला आणि म्हणाली, ‘हो गं, आज सकाळपासून खराबच आहे.’

सोमवार, १३ नोव्हेंबर

पुन्हा तेच. अर्धं तरी टॉवेलवर गेलं. पांढरे डाग हिला दिसायला नकोत म्हणून टॉवेल मीच नळाखाली धुतला आणि दोरीवर टाकला. ‘आज टॉवेल धुतलात?’ ‘थोरलीने घाण केली.’ खूण केली. बाटली फ्रिजमध्ये ठेवली. दुकानात गेलो.

आता लिहून टाकतो, इथे लिहायचं नाही तर कुठे? हात हलतो. उजवा जास्त. स्वस्थ मांडीवर असला की बरा असतो. काही बारीक धरायला गेला की सुरू. अण्णांचा, माझ्या वडिलांचा, असाच हलायचा. तेही याच दुकानात, याच खुर्चीत. आधी गिऱ्हाइकं म्हणाली, ‘अण्णा, घाई नाही, सावकाश करा.’ मग म्हणायची, ‘राहू द्या, बाहेरगावी टाकतो.’ मग यायचीच बंद झाली. अण्णा भिंग डोळ्याला लावून रिकाम्या टेबलाकडे बघत बसायचे. मी तेव्हा तिशीचा. मला त्यांची लाज वाटायची. चहा द्यायचा तर अर्धा कप भरून द्यायचो, सांडू नये म्हणून. त्यांना ते कळत होतं, हे मला आत्ता कळतंय.

मी कोणालाही माझा कप अर्धा भरू देणार नाही.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

नवल! दोघींनी काकडी खाल्ली. सांडून-लवंडून चाराण्याचं औषध पोटात जातंय आणि गुण मात्र बारा आण्यांचा येतोय.

बुधवार, १५ नोव्हेंबर

जमलं! जमलं जमलं!

काल दुकानात बसल्या बसल्या सुचलं. आपण घड्याळ काय हातात अधांतरी धरून उघडतो का? लाकडी ठोकळ्यात बसवतो. मनगट टेबलाच्या कडेला टेकवतो. मग इथेच उंटावरचा शहाणा का झालो?

तेव्हा: जुना ठोकळा घरी आणला. त्यावर टॉवेल गुंडाळला, धाकटीला त्यात उभं बसवलं, पाठ माझ्या छातीला. मी जमिनीवर, दोन्ही कोपर गुडघ्यांत घट्ट. उजव्या हाताची करंगळी तिच्या कवचाच्या कडेला टेकवली — म्हणजे हात हलला तर कासवासकट हलेल, टोक सरकणार नाही. आणि वाट बघितली. मागच्या पायाला बोट लावून नुसती वाट. सात-आठ मिनिटांनी मान आली. जबडा खाली. शून्य दशांश तीन, थेंब न थेंब आत. तिने गिळलं. गळ्याखालचं कातडं हललेलं दिसलं.

थोरली मात्र थोरलीच. घेतलं, आणि माझ्याकडे बघत निम्मं फुर्रकन बाहेर टाकलं. पण ते तिचं पाप, माझं नव्हे.

धाकटीने टॉवेलवर धार सोडली होती. तो धुऊन दोरीवर टाकला आणि शीळ घालत दुकानात गेलो. हिला सांगावंसं वाटलं. पण काय सांगू? ‘आज जमलं’ म्हटलं की आधी जमत नव्हतं हे आलंच. तक्त्यावर तर आजवरच्या सगळ्या घरांत खुणा आहेत.

शुक्रवार, १७ नोव्हेंबर

आजही जमलं. टॉवेल धुतला.

शनिवार, १८ नोव्हेंबर

नर्सबाई आल्या. पार्टची थाप मारत होतो, तेवढ्यात त्यांनी पावती पुढे केली आणि मी सही करायला गेलो. त्या सहीकडे बघतच राहिल्या.

‘काका, कधीपासून?’

‘काय कधीपासून?’

‘हात. दाखवा बरं जरा.’

‘हात दाखवून अवलक्षण कशाला?’ मी हसून म्हटलं. त्या हसल्या नाहीत. पावतीच्या मागे हाताच्या डॉक्टरचं नाव लिहिलं — नसांचे डॉक्टर, असं म्हणाल्या. ‘औषध आहे यावर. लवकर आलात तर उपयोग होतो.’ फारच तिरसटपणे मी म्हटलं, ‘बाई, तुमचं घड्याळ पुढच्या आठवड्यात मिळेल.’ त्या गेल्या.

पावती फाडली नाही. या वहीत ठेवली आहे.

रविवार, १९ नोव्हेंबर

सातवा डोस. धाकटीचा तिसऱ्यांदा पूर्ण गेला. पण आज काकडी नको म्हणाली.

संध्याकाळी गॅलरीत चालताना भिंतीवर जाऊन आपटली. म्हातारी झाली, दुसरं काय.

सोमवार, २० नोव्हेंबर

नाही. म्हातारपण नाही. एका बाजूला कलते. पुढचे पाय टाकते ते भलतीकडेच पडतात. मान बाहेर काढते आणि ती थरथरते. बारीक थरथर. मी तिला हातात घेतलं आणि मला कळेना, तिची मान हलतेय की माझा हात! जमिनीवर ठेवली. दोन्ही हात मागे बांधून ओणवा होऊन बघितलं. मानच.

जास्त झालं तर, असं डॉक्टरीण म्हणाली होती. पण जास्त कुठून होणार? मी तर पहिले चार डोस निम्मेसुद्धा दिलेले नाहीत! डॉक्टरणीला फोन करायला हवा. करायचा तर ती विचारणार, किती दिलंत. तक्ता म्हणतो सगळं दिलं. मी म्हणतो नाही दिलं. कोणाचं सांगू?

केला नाही फोन. उद्या करतो. भित्रा मेला.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

सगळं लिहितो. जमेल तसं.

सकाळी थोरलीला दिलं. धाकटीला द्यायचं धाडस झालं नाही. बाटली फ्रिजमध्ये ठेवताना उजेडात धरली आणि सवयीने आकडा वाचला. जेमतेम सव्वा मिली. नव्वद टक्के बाटली संपलेली! दहा मिलीची बाटली. दर वेळी दोघींचं मिळून शून्य दशांश सात. सात डोसांचे चार पॉइंट नऊ, आज थोरलीचे शून्य दशांश चार. सांडलेलं धरूनही तेवढंच — सांडलं तरी सिरिंजमध्ये आधी तेवढंच भरलेलं असतं. पावणेपाच तरी उरायला हवं. गळली म्हणावी तर फ्रिज कोरडा.

दुकानाचं कुलूप उघडलं, आणि तसाच उभा राहिलो. डोक्यात एकच — बाटलीला दुसरा हात लागतोय. घरात हात चारच आहेत. दोन माझे.

कुलूप पुन्हा लावलं. जवळजवळ पळतच घरी.

ही गॅलरीत फरशीवर बसली होती. गुडघे दुखतात म्हणून जी दोन वर्षं जमिनीवर बसलेली नाही, कासवाच्या तोंडाची जिला किळस येते, ती. मांडीवर धाकटी, उभी धरलेली. डाव्या हाताची दोन बोटं जबड्यामागे, अगदी डॉक्टरणीने दाखवली तशी. उजव्या हातात सिरिंज. आणि तिच्याशी बोलत होती, ‘घे गं बाई, एवढं घे, त्यांना काही म्हणायचं नाही हं…’

‘थांब!’ मी ओरडलो. ‘देऊ नकोस! मी देतोय!’

ती दचकली नाही. सिरिंज तेवढी बाजूला केली. म्हणाली, ‘कुठे देता तुम्ही? सांडतं ना तुमच्याकडून.’

इतक्या साधेपणाने. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं.

‘पंधरा तारखेपासून नाही सांडत गं! ठोकळा लावून देतो. थेंब न थेंब जातो.’

‘मग टॉवेल? दर वेळी लपवून धुता. दर वेळी दोरीवर ओला टॉवेल. मी काय समजायचं?’

तेव्हा तिचा चेहरा उतरला. मांडीवरच्या धाकटीकडे बघितलं. मान थरथरत होती. ‘अहो… म्हणजे मी दुप्पट…’

अकरा तारखेपासून दर वेळी, मी दुकानात गेलो की ती देत होती. माझी खूण तक्त्यावर, तिचं औषध पोटात. आधीचे दोन निभावले, कारण माझं सांडत होतं. पंधरा, सतरा, एकोणीस — तिन्ही दिवस मी पूर्ण दिलं आणि तिनेही. थोरली वाचली ती निव्वळ थुंकायच्या खोडीमुळे. धाकटी गुणी. जेवढं दिलं तेवढं गिळलं.

‘कधीपासून माहीत होतं तुला?’

‘उन्हाळ्यापासून. बशी वाजते तुमची.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून थांबले. अण्णांचं तुम्ही किती मनाला लावून घेतलंय ते मला ठाऊक आहे. म्हटलं, औषध मी देईन, खूण तुमची राहू दे. कशाला दुखवायचं?’

मी तिच्याशेजारी फरशीवर बसलो आणि रडलो. ती रडली नाही. तिने धाकटीला कोमट पाण्याच्या टोपात ठेवलं आणि डॉक्टरणीला फोन लावला. सगळं सांगितलं. माझ्या हाताचंही. एक शब्द गाळला नाही.

बुधवार, २२ नोव्हेंबर

डॉक्टरणीने धाकटीला तपासलं. औषध दोघींचंही बंद. कवचाखाली सुईने पाणी दिलं. आता रोज कोमट पाण्यात वीस मिनिटं, ऊब, आणि वाट बघायची. ‘किती दिवस?’ ‘काका, कासव आहे. अंगातून विष जायलाही वेळ लागतो. जाईल असं मी सांगू शकत नाही.’

मी म्हटलं, ‘चूक माझी.’ ही म्हणाली, ‘चूक माझी.’ डॉक्टरीण आमच्याकडे बघून म्हणाली, ‘आधी एकमेकांशी बोला, मग ठरवा.’

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

तसंच. मान टोपाच्या काठावर टेकवून ठेवावी लागते, नाहीतर पाण्यात जाते. अर्धा वेळ ही धरते, अर्धा मी. माझ्या हातात तिची मान, दोघांची थरथर एकात एक. हिने बघितलं. मी हात काढला नाही.

रविवार, २६ नोव्हेंबर

लेकीला सांगितलं. आधी धाकटीचं. मग हाताचं. ती म्हणाली, ‘नेटवर्क खराब नव्हतं तर.’

थोरली सकाळपासून धाकटीच्या टोपाला ढुशा देतेय. बावीस वर्षांत काकडी सोडून दुसऱ्या कशासाठी तिने धाकटीकडे बघितल्याचं आठवत नाही.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

डोळे मिटून पडलेली. पायाला बोट लावलं, मान आली नाही. दुकान बंद ठेवलं. ही म्हणाली, जाऊन या, इथे बसून काय करणार. मी बसलो.

रविवार, ३ डिसेंबर

थरथर थांबली!

सकाळी टोपातून काढून उन्हात ठेवली आणि ती चालली. चार पावलं. सरळ. पाचवं जरा तिरकं. मान अजून डावीकडे झुकलेली आहे. डॉक्टरीण म्हणते, ती कदाचित कायमची. पण हिने काकडी धरली आणि धाकटीने मान वाकडी करून बरोबर चावा घेतला. माझ्या बोटालाही घेतला. रक्त आलं! ही हसत सुटली.

तिची थरथर औषधाने आली होती, औषध थांबताच गेली. माझी तशी जाणार नाही, हे बघता बघता कळलं.

मंगळवार, ५ डिसेंबर

नर्सबाईंचं घड्याळ परत दिलं, न उघडता. खरं सांगितलं — माझ्याच्याने होणार नाही. पैसे न घेता. मग वहीतली पावती काढली आणि विचारलं, ‘हे डॉक्टर कधी भेटतात?’

त्यांनी तिथूनच फोन लावला. ‘गुरुवारी या. काकूंना आणा.’

गुरुवार, ७ डिसेंबर

गेलो. डॉक्टरांनी कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. कागद माझ्याकडे आहे, दाखवण्यासारखा नाही. म्हणाले, वडिलांकडून आलंय, पूर्ण जाणार नाही, गोळीने कमी होईल. बारीक काम? बघू म्हणाले.

ही बाहेर पडल्यावर म्हणाली, ‘सेल आणि पट्टे बदलायला तर जमेल ना? मग झालं.’ मला ते झालं असं वाटलं नाही. पण घरी आल्यावर तिने चहा दिला. कप काठोकाठ भरलेला. टेबलापर्यंत नेताना बशीत बराच सांडला. ती बघत होती, आणि खिडकीकडे तोंड वळवलं नाही.

शनिवार, ९ डिसेंबर

फ्रिजवर नवा तक्ता. तीन ओळी. थोरली — बंद. धाकटी — बंद. तिसरीत हिने लिहिलंय, ‘हे — सकाळी एक गोळी.’ खूण करायची पेन्सिल तिने आपल्या अंबाड्यात खोचून ठेवली आहे. माझ्या हातात देत नाही.

आज पहिली गोळी. तोंड मी आपणहून उघडलं.